मार्गीवरचा संडास

“पंप नवो घातलंय, वायसर नवे घातलंय, पायप पण नवो घातलंय. आता काय माझा डोक्या बदलू?”

हे नाना पांचाळ, आमच्या बंदरावरचे नळदुरुस्तीवाले. दिसत होते फक्त त्यांचे दोन पाय. उरलेले नाना बोटीच्या पुढच्या टोकातल्या कपाटाएवढ्या संडासात कमोडला मिठी मारून पडले होते. धक्क्यावर मी उभी होते आणि माझ्या शेजारी डॉक्टर उबाळे. त्यांनी माझ्या घरी दोनदा अंघोळ केली होती आणि अंगावर साडीही माझीच होती. कारण सकाळी बोट खाडीच्या मुखाशी पोचत असताना त्यांनी आत पंपाचा दांडा ओढला आणि पायपाचा सांधा सुटून जे बाहेर जायचं ते सगळं त्यांच्या अंगावर आलं.

“नाना, मागच्या वेळीसुद्धा तुम्ही हेच म्हणालात,” डॉक्टर म्हणाल्या.

“मागच्या वेळी डोक्याचा बोलूक नव्हतंय,” आतून उत्तर आलं.

एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सिस्टर, आता बास झालं. पुढच्या मंगळवारी भाटवण्याच्या रंजनाला बाळंतपणाला इकडं आणून सोडते आणि मी जाते लातूरला. बदली मिळाली तर मिळाली, नाहीतर घरी बसते. मला नाही जमायचं ओ हे.”

बाई बोलायला मऊ, पण एकदा म्हणाली की म्हणाली.

मार्गी ही मूळची मुंबईच्या कुणा हौशी शेटजींची मोटरबोट. तिचं खरं नाव मार्गारेट, पण आमच्या बंदरावर एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड होती? शेटजींची हौस फिटली तेव्हा त्यांनी ती आमच्या ट्रस्टला देऊन टाकली. ट्रस्टने तिच्यात औषधांचं एक कपाट आणि एक बाकडं ठोकलं आणि तिचा फिरता दवाखाना केला. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही सकाळी निघायचो, खाडीच्या मुखातून बाहेर पडून किनाऱ्याकिनाऱ्याने भाटवणे आणि कातळखोल या दोन गावांना जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. त्या गावांना तेव्हा रस्ता नव्हता. पोरं मार्गीचा भोंगा ऐकूनच इंजेक्शनच्या भीतीने माडाच्या बागेत पळायची.

बोटीत संडास होता, तोही शेटजींनीच हौसेने बसवलेला. आम्ही त्यात दोरखंड, रंगाचे डबे आणि एक फाटकी ताडपत्री कोंबली होती. पुरुषमाणसांचं काय, ती मागच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून उभी राहायची. माझं काय ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. बोटीच्या दिवशी सकाळपासून चहा बंद, पाणी बंद, एवढाच माझा उपाय. इतकी वर्षं तसं काढल्यावर त्यात काही चुकतंय असंही वाटेनासं होतं.

डॉक्टर वर्षा उबाळे अहमदपूरकडच्या. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या धक्क्यावरून. पहिल्याच खेपेला त्यांनी हळूच विचारलं, “सिस्टर, बाथरूम?” मी दोरखंडांकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग त्याही माझ्यासारखी तहान मारायला लागल्या, पण त्यांच्या शरीराला ते मानवेना. दोनदा लघवीचा संसर्ग झाला आणि दोन्ही वेळा थंडी वाजून ताप चढला. दुसऱ्यांदा गोधडीतून तोंड काढून म्हणाल्या, “माणूस आहे ओ मी, उंट नाही.” बऱ्या झाल्यावर ट्रस्टच्या लोकांशी कडाकडा भांडून त्यांनी संडासाची दुरुस्ती मंजूर करून घेतली.

त्या गेल्या तर काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याआधी वर्षभर आम्हाला डॉक्टरच नव्हता. त्या वर्षी भाटवण्याच्या सुगंधाला बाळंतपणात झटके यायला लागले आणि मी तिला याच मार्गीतून बंदराकडे घेऊन निघाले. खाडीचं मुख आलं आणि माझ्या हातातला तिचा हात गार पडला. आता रंजनाचा रक्तदाब तसाच वर चढत होता. तिला डॉक्टर इकडे आणणार होत्या, ठीक, पण तिच्यानंतरच्या बायकांचं काय? मी नर्स आहे. मला जेवढं येतं तेवढंच येतं.

“कॉक!” नाना एकदम ओरडले आणि सरपटत बाहेर आले. अंगावर काय काय लागलं होतं ते सांगत नाही. ते बोटीच्या पुढच्या फळ्यांवर चढले, एक फळी उचलली आणि बॅटरी मारून आत वाकले. “सिस्टर, हयसर येवा. बघा.”

मी वाकले. बाहेर जाणारा पायप जिथे बोटीच्या तळातून समुद्रात सुटतो तिथे एक पितळी कॉक होता. त्याची दांडी शेटजींच्या काळातच तुटलेली, त्यामुळे तो पान्ह्याने फिरवावा लागे. जुन्या घडणीचा कॉक तो, फिरताना कुठेच अडत नसे. चौथाई फेरा दिला की बंद, त्याच दिशेने आणखी चौथाई दिला की पुन्हा चालू. पिळत राहिलात तर दिवसभर गरगर फिरेल.

“तेच्या डोक्यार ही खाच दिसता?” नाना म्हणाले. “खाच पायपाच्या रेषेत असली काय चालू, आडवी असली काय बंद. आता आडवी असा. बंद कॉकार पंप मारल्यार पायप फुटतलो नायतर काय होतला? आणि मागच्या वेळीव बंदच होतो हो. माका वाटला, इंजिनाच्या हादऱ्यान फिरलो असतलो. म्हणान मी तारेन बांधून ठेवलंय. ही बघा तार. कोणीतरी सोडून नुसती वरवर गुंडाळल्यान.”

तार खरंच ढिली, नुसती देखाव्यापुरती गुंडाळलेली होती. नानांनी, मी आणि डॉक्टरांनी, तिघांनीही एकदमच वासू तांडेलांकडे पाहिलं.

वासू कुबल मार्गीचे तांडेल, म्हणजे बोट हाकणारे. अंगाने सडपातळ, बोलणं कमी, आणि बोटीवर पाऊल टाकताना चपला धक्क्यावर काढणारा माणूस. दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा एकट्या त्यांनीच नाक मुरडलं होतं. “होडयेचा तोंड ता,” ते तेव्हा म्हणाले होते. “नारळी पुनवेक थय आमी नारळ वाढवतो. आणि थयच ह्यां?” पण डॉक्टर तापाने फणफणलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यानंतर ते गप्प झाले आणि दोरखंड त्यांनी स्वतःच बाहेर काढले.

“माझ्याकडे कित्या बघतात?” वासूभाऊ म्हणाले. त्यांनी हात खाडीच्या मुखाच्या दिशेने जोडले. “पावणाईची आण घेवन सांगतंय. मी कॉक कधी बंद ठेवूक नाय.”

आता तर माझं डोकंच भणाणलं. पावणाई म्हणजे मुखावरच्या काळ्या खडपावरची, पाण्यातल्या खडकावरची देवी. तिच्या पुढून जाताना प्रत्येक होडीचं इंजिन मंद होतं, तांडेल पुढच्या टोकावर जाऊन हात जोडतो, मगच होडी बाहेर पडते. तिची खोटी आण वासूभाऊ जीव गेला तरी घेणार नाहीत. मी त्यांना ओळखत होते.

मग राहिले अब्बास सोलकर. आमचे इंजिन ड्रायव्हर. गोल चेहऱ्याचे, बोलघेवडे, सगळ्या बंदराचे मित्र. मी विचारायच्या आतच त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. “अल्लाची कसम सिस्टरबाय, माझ्या हातान कॉक बंद ऱ्हवलो असात तर हात झडान जावंदे.”

“मग काय शेटजी येवन फिरवतत?” नाना म्हणाले.

तीन दिवस मी नुसती गोंधळलेली होते. ट्रस्टचे एक गृहस्थ म्हणाले, डॉक्टरबाईंना पंप नीट मारता येत नसेल. हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडावर म्हटलं आणि मग जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी आळीपाळीने सगळ्यांवर संशय घेतला. वासूभाऊंवर घेतला, पण आण आठवली. अब्बासभाईंवर घेतला, पण त्यांना कसला राग? नानांवर घेतला, पण फुकटची दुरुस्ती पुन्हापुन्हा करायला ते वेडे थोडेच होते? शेवटी शेवटी तर डॉक्टरांवरही घेतला, की यांना जायचंच आहे आणि नुसतं निमित्त हवंय. हा विचार मनात आला त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मी ठरवूनच निघाले. सकाळी धक्क्यावरच फळीच्या फटीतून वाकून पाहिलं, तार तशीच ढिली आणि खाच सरळ रेषेत, म्हणजे कॉक चालू. मग मी बोटीच्या पुढच्या टोकाला, फळीपासून हातभर अंतरावर, पाय पोटाशी घेऊन बसले. “मळमळतंय, जरा वाऱ्याला बसते,” असं सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे संशयाने पाहत राहिल्या. इतक्या वर्षांत मला बोट लागलेली कुणी पाहिली नव्हती.

खाडीचं मुख म्हणजे आमच्या प्रवासातली सगळ्यात कंटाळवाणी जागा. तिथे वाळूची पट्टी आडवी येते. पाणी पुरेसं चढेपर्यंत बोट बाहेर काढता येत नाही. मग पावणाईच्या खडपासमोर डुलत थांबायचं, कधी थोडा वेळ, कधी तासभर. सकाळी निघालेल्या बाईमाणसाला गरज लागते ती नेमकी इथे. थांबावं लागणार हे ठाऊक असल्याने डॉक्टर खडप यायच्या जरा आधीच आत जायच्या आणि त्यांचे सगळे प्रसंग तिथेच घडले होते.

खडप जवळ आलं. इंजिन मंद झालं. वासूभाऊंनी चाक अब्बासभाईंच्या हाती दिलं आणि ते पुढे आले. मला पाहून जरा अडखळले, पण मी डोळे मिटून घेतले होते. अर्धे. त्यांनी पावणाईला हात जोडले, गुडघ्यावर बसले, कमरेचा पान्हा काढला, फळी जराशी सरकवली आणि न पाहता हात आत घालून एक झटका दिला. फळी परत सरकवली.

म्हणजे तेच! माझं तोंड उघडलंच होतं. पण म्हटलं, थांब, पावणाईची आण घेतलेला माणूस आहे, पुढे काय करतो ते पाहू. पाणी भरलेलंच होतं, बोट पट्टीवरून सरकू लागली. पावणाई मागे पडली तसे वासूभाऊ पुन्हा फळीशी वाकले. आता ते कॉक परत उघडणार, हे माझ्या लख्ख लक्षात आलं. बंद करायचा तो देवीपुढे, आणि पुढे गेल्यावर उघडायचा. म्हणून आण खोटी नव्हती!

तेवढ्यात अब्बासभाई मागून ओरडले, “वासू! जाळी! डावीकडे जाळी!” कुणाच्या तरी जाळ्याचे पाण्यावर डुलणारे डबे आडवे आले होते. वासूभाऊ उठले आणि चाकाकडे धावले. बोट वळवली, जाळी चुकवली, आणि चाक त्यांच्याच हाती राहिलं. फळीखालचा कॉक त्यांच्या डोक्यातून गेला तो गेलाच.

आता अब्बासभाई पुढे आले. मुखाच्या दुसऱ्या अंगाला, जरा पुढे, टेकडीवर पीरबाबांचा दर्गा आहे. त्याच्या हिरव्या निशाणाला अब्बासभाई दर खेपेला सलाम करतात, हे मी कायम पाहत आले होते. सलाम करून ते गुडघ्यावर बसले. कमरेचा पान्हा काढला. फळी सरकवली. न पाहता आत हात घालून एक झटका दिला.

मी ताडकन उठले, त्यांचा हात बाजूला केला आणि फळीखाली डोकं घातलं. खाच पायपाच्या रेषेत होती.

“अब्बासभाई, आत्ता काय केलंत तुम्ही?”

त्यांचा चेहरा पोरासारखा झाला. “बंद केलंय, सिस्टरबाय. बाबाच्या समोर... घाण कशी सोडूची? जरा पुढे गेल्यार परत चालू करतंय. कायम करतंय. अल्लाची कसम, चालू करूक कधी इसरूक नाय.”

“तुम्ही बंद नाही केलात. उघडलात.”

“कसो उघडतलंय? मी तर बंद...”

“बंद आधीच होता. वासूभाऊंनी पावणाईपुढे केला होता. तुम्ही वर आणखी एक फेरा दिलात. आता बाबांपुढे तो उघडा आहे, आणि पुढे जाऊन तुम्ही उघडायला म्हणून जो फेरा द्याल त्याने बंद होईल. आणि मग पुढच्या खेपेला डॉक्टर आत जाईपर्यंत बंदच राहील.”

अब्बासभाईंनी मान वळवून चाकाकडे पाहिलं. वासूभाऊ तिथूनच ऐकत होते. दोन जिवाभावाचे मित्र, एकाच ताटात जेवलेले, आणि दोघेही गेले कित्येक आठवडे एकमेकांच्या नकळत, डॉक्टरबाई गावंढळ म्हणतील या लाजेने कुणाला न सांगता, तो एकच कॉक फिरवत होते. एकाचा एक फेरा चुकला की पुढचं सगळं उलटं. ज्याला वाटे बंद केला, तो उघडून जायचा. ज्याला वाटे उघडला, तो बंद करून जायचा.

हसू येण्यासारखी गोष्ट होती. मला आलंही. पण वासूभाऊंचा चेहरा पांढरा पडला होता.

“म्हंजे,” ते सावकाश म्हणाले, “किती खेपांक पावणाईच्या म्होऱ्यात तो उघडोच होतो? मी बंद केलंय म्हणान हात जोडतंय, आणि खालसून...”

चाक अब्बासभाईंना देऊन ते मागे जाऊन बसले, ते भाटवणं येईपर्यंत तसेच बसून होते.

संध्याकाळी धक्क्याला लागल्यावर त्यांनी चपला उचलल्या आणि डॉक्टरांसमोर उभे राहिले. “डागतर, राग मानू नकात. ह्यां कमोड काढून टाका. नायतर माका ह्या होडयेरसून उतरवा. आवशीच्या, पावणाईच्या म्होऱ्यात परत ह्या पाप माझ्या हातान व्हवचा नाय.”

“मी मुखापुढं गेल्यावर जात जाईन,” डॉक्टर म्हणाल्या. मग स्वतःच मान हलवली. “नाही. तिथं तास तास थांबावं लागतं. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं. मला पुन्हा ताप नकोय.” त्यांचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. “तुम्ही नका उतरू, वासूभाऊ. तुमच्याशिवाय ही पट्टी कोण ओलांडणार? मीच उतरते. मंगळवारी रंजनाला आणू, मग झालंच.”

मला दोघांचाही राग आला आणि दोघांचंही पटलं. घरी जाऊन मी रडले. कुणाची बाजू घ्यावी हेच मला कळेना, आणि कोणतीही घेतली तरी शेवटी होडीवर तांडेल नाहीतर डॉक्टर, कुणीतरी एक नसणारच होतं.

मंगळवार उजाडला. डॉक्टरांनी बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. बोटीवर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भाटवण्याच्या दोन बायका बाजार करून आमच्याबरोबर परत निघाल्या होत्या, त्यासुद्धा आमचे चेहरे पाहून टोपल्या मांडीवर घेऊन गप्प बसल्या. अब्बासभाईंनी एकदा “आज वारो बरो असा” म्हणून पाहिलं.

मुखावर आलो तर पाणी कमी. इंजिन मंद केलं आणि बोट पावणाईच्या खडपासमोर डुलायला लागली. बराच वेळ गेला. डॉक्टर समोर पाहत ताठ बसल्या होत्या. नंतर त्यांनी ओठ आवळले. मग कपाळावर घाम आला. मला ती अवस्था चांगली ठाऊक होती. मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि नुसती मान हलवली, जा म्हणून.

त्या उठल्या. वासूभाऊंकडे एकदा पाहिलं. “माफ करा,” एवढं म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली.

वासूभाऊंनी चाक अब्बासभाईंच्या हाती दिलं आणि ते पुढे चालायला लागले. यांनी आता कॉक बंद केला तर आत पुन्हा तेच होणार, आणि ही बाई मंगळवारची संध्याकाळही इथे काढणार नाही. मी त्यांच्या मागोमाग धावले. “वासूभाऊ, नका हो.”

त्यांनी फळी पूर्ण उचलून बाजूला ठेवली. “सिस्टरबाय, वायच वाकून बघा. खाच खय असा?”

मी वाकले. “रेषेत आहे. चालू आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

“ऱ्हवांदे तर.”

त्यांनी फळी परत लावली, पाय जुळवून पावणाईकडे तोंड केलं, हात जोडले, डोळे मिटले आणि मुखावरचे बगळे उडतील अशा आवाजात गाऱ्हाणं घातलं.

“बाय माझे पावणाये! ह्या खाडयेच्या मुखार बसलंस, येतल्या-जातल्याची राखण करतंस!”

“व्हय म्हाराजा!” मागून अब्बासभाई.

“आज तुझा लेकरू वासू तांडेल गाऱ्हाणां घालता, ता आयकून घे!”

“व्हय म्हाराजा!” आता त्या दोन बायकांनीही टोपल्या खाली ठेवून हात जोडले होते.

“ह्या होडयेत एक परमुलखातला चेडू असा. आवस-बापाशीक सोडून आमच्या बायकांची बाळांतपणां करूक इला. तेका आमी ह्या होडयेत साधी जागा देवक नाय. तापान फणफणला तेवा दिली, आणि दिली ती चोरून बंद केली!”

“व्हय म्हाराजा!”

“तर आये, तुझ्या म्होऱ्यात काय ओंगळ पडला तर तेचो दोष ह्या चेडवाक लावू नको. तो ह्या वासूच्या माथ्यार घाल! आणि ह्या चेडवाक हयसरच सुखान ठेव! जाव देव नको!”

“व्हय म्हाराजा! आणि आमच्या बाबाचा नाव घे मरे,” अब्बासभाई घाईघाईने म्हणाले.

“आणि पल्याडच्या पीरबाबा, तूवय आयक!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळेच ओरडलो. मीसुद्धा.

संडासाच्या दारावर आतून थाप पडली. “सिस्टर! काय झालं? बोट बुडायलीय का ओ?”

“नाही, डॉक्टर.”

“मग कशाला ओरडायलेत सगळे? काय म्हणायलेत ते?”

बंद दाराआड, गाऱ्हाण्याच्या सुरातल्या मालवणीतलं त्यांना अवाक्षर कळलं नव्हतं. एवढं मोठं गाऱ्हाणं मी बंद दारातून कसं समजावून सांगणार होते? वासूभाऊंचे हात जोडलेलेच होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं. ते त्यांनी पुसलंही नाही.

“म्हणतायत,” मी म्हटलं, “सावकाश होऊ द्या. घाई नाही.”

मग पंपाचा दांडा वरखाली व्हायला लागला, खडुक, खडुक, खडुक, आणि आमच्या पायांखालच्या पायपातून सगळं खळखळत पावणाईच्या पाण्यात गेलं. वासूभाऊंनी हात आणखी घट्ट जोडले. “व्हय म्हाराजा,” ते आपल्याशीच पुटपुटले.

कडी निघाली. डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, हात जोडून उभ्या असलेल्या त्या बायकांकडे पाहिलं, वासूभाऊंच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी त्यांना बाजूला घेऊन गाऱ्हाण्याचा अर्थ सांगितला, चेडू म्हणजे लेक, इथपासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता.

तेवढ्यात भाटवण्याच्या बायकांपैकी जी वयाने मोठी होती ती पदर दातात धरून पुढे आली. “डागतरबाय, मी जाव आत? लय वेळ झालो.” डॉक्टरांनी दार उघडून धरलं, आत वाकून तिला दांडा कसा ओढायचा ते दाखवलं आणि म्हणाल्या, “सरळ ओढायचा, मावशी, जोर नाही लावायचा.” दार लागलं. त्या दाराशी पहारा दिल्यासारख्या उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे मी नंबर लावला.

“पाणी भरला,” वासूभाऊ चाकावरून म्हणाले. “भायर काढू, बाय?” आजवर ते त्यांना डागतर म्हणत आले होते.

“काढा, वासूभाऊ. रंजना वाट बघत असेल.” बोट पट्टीवरून पुढे सरकली. डॉक्टरांनी पदराने तोंड पुसलं आणि समुद्राकडे बघत, जरा मोठ्याने, विचारलं, “आणि शुक्रवारी भरती किती वाजता आहे ओ?”